वीज येते, सर्व्हर येत नाही

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता ‘लाइट गेली’ इतकेच रुळले आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा लागेना, सातबारा निघेना, आपले सरकार सेवा केंद्रातून उत्पन्नाचा दाखला मिळेना, पतसंस्थेत पासबुक भरून मिळेना. काउंटरवरून उत्तर एकच. डिसेंबर २०१६ मध्ये मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली आणि त्यांच्या पाठोपाठ वीज, नेटवर्क आणि कुठल्यातरी दूरच्या संगणकाची मर्जी सांभाळणेही आले.

या एका वाक्याखाली मात्र पुष्कळ वेगवेगळी दुखणी दडलेली असतात. कधी खरोखर नेट गेलेले असते, कधी मुंबई-पुण्यातला सर्व्हर गर्दीने गुदमरलेला असतो. या लेखात त्यातले एकच दुखणे घेतले आहे, कारण ते सगळ्यात चिडवणारे आहे. वीज परत आली आहे, यंत्र धडधाकट आहे, नेटही आहे, आणि तरीही सेवा उठत नाही. पार्श्वभूमीवर चालणारा जो प्रोग्रॅम ती सेवा देतो, ज्याला युनिक्सच्या जगात डीमन म्हणतात, त्याने सुरू होताना आपली कॉन्फिगरेशन फाइल वाचली, त्यात त्याला काहीतरी खटकले आणि तो बंद पडला. अशा वेळी त्याने काय करायला हवे? सुरूच होऊ नये? खटकलेली ओळ वगळून चालू व्हावे? की कालची चालती फाइल शोधून तिच्यावर उठावे? युनिक्स परंपरेत या तिन्ही उत्तरांना थोर पाठीराखे आहेत, आणि एकेका उत्तराची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजलेली आहे.

हा वाद बहुधा डेटा सेंटरमधल्या माणसांनी घातला. ऐरोलीतल्या किंवा पुण्यातल्या सुस्थितीतल्या डेटा सेंटरात सर्व्हर शेकडो दिवस अखंड चालतो. तो बंद करून चालू करणे हा आधी ठरवलेला, रात्री दोनचा, चहाच्या थर्मासासकटचा कार्यक्रम असतो. डोळखांब, किन्हवली किंवा टोकावड्याला हे ठरवण्याचा अधिकार महावितरणच्या फीडरकडे असतो. जूनमध्ये पहिला वादळी पाऊस झाला की तारेवर फांदी पडते, इन्व्हर्टरची बॅटरी तास-दोन तास तग धरते, मग सगळे थंड. वीज आली की यंत्र आपोआप उठते. त्या क्षणी समोर असतो तो केंद्रचालक किंवा शाळेतले गुरुजी. फाइल बदलणारा माणूस कल्याणला किंवा ठाण्याला, आणि त्याने ती बदलून महिना झालेला.

फाइल बिघडण्याचा क्षण आणि बिघाड उघड होण्याचा क्षण यांतले हे अंतरच सगळ्यात घातक आहे. पुढे जे जे पर्याय येतील ते मी याच एका कसोटीवर घासणार आहे: चूक करणारा हात अजून कीबोर्डवर असतानाच ती त्याच्या लक्षात येते का?

आजचे बहुतेक नावाजलेले डीमन या कसोटीला अर्धवटच उतरतात, आणि गंमत म्हणजे त्याचे कारण त्यांचा एक चांगला गुण आहे. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर घ्या. तो चालू असताना फाइल बदलून त्याला ती पुन्हा वाचायला सांगितली, म्हणजे रीलोड केले, की त्याची मुख्य प्रोसेस नवी फाइल तपासते. चूक सापडली तर ती एरर लॉगमध्ये नोंदवते आणि जुन्याच कॉन्फिगरेशनवर काम चालू ठेवते. ग्राहकाला काही कळत नाही, सेवा एक क्षणही थांबत नाही. उत्तम. पण डिस्कवर आता मोडकी फाइल आहे आणि मेमरीत चांगली. तीन आठवड्यांनी वीज गेली की मेमरीतली चांगली प्रत जाते, उरते ती मोडकी.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे वागणे याहून मासलेवाईक आहे. तिथे रीलोड करायचे एक फंक्शन आहे. ते चालवले की ‘खरे’ असे उत्तर येते आणि माणूस निश्चिंत होतो. पण त्या ‘खरे’चा अर्थ फक्त इतकाच की वाचण्याचा निरोप मुख्य प्रोसेसला पोचला. फाइल धड होती की नाही याच्याशी त्या उत्तराचा संबंध नसतो. एखादी किंमत चुकीची असेल तर लॉगमध्ये तक्रार लिहिली जाते, बाकीचे बदल लागू होतात, चुकीचा तेवढा सोडून दिला जातो. तीच फाइल घेऊन डेटाबेस नव्याने सुरू करू गेलात तर मात्र तो साफ नकार देतो. म्हणजे रीलोडच्या वेळी मवाळ आणि सुरुवातीला कडक. दोन्ही धोरणे सुटी सुटी पाहिली तर शहाणपणाची आहेत. एकत्र आली की मोडकी फाइल आठवडेच्या आठवडे डिस्कवर पडून राहते. पोस्टग्रेसवाल्यांना हे उमगले असावे, कारण ९.५ या आवृत्तीपासून फाइलमधल्या कुठल्या ओळीत काय बिनसले आहे हे चालू डेटाबेसलाच विचारण्याची सोय त्यांनी दिली, आणि १० व्या आवृत्तीत प्रवेशाच्या नियमांच्या फाइलसाठीही तशीच सोय आली. सोय आहे, विचारणारा हवा.

प्रोमिथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरने एक पाऊल पुढे टाकले. रीलोड फसले तर तोही जुन्यावरच चालतो, पण ‘शेवटचे रीलोड यशस्वी झाले का’ हा आकडाच तो स्वतःच्या मोजमापांत सतत प्रसिद्ध करतो. त्या आकड्यावर इशारा लावून ठेवता येतो. माझ्या मते रीलोडला मवाळ राहणाऱ्या प्रत्येक डीमनवर हे बंधनकारक असावे. जुन्यावर चालायचे तर चालावे, पण तोंड मिटून नव्हे.

एसएसएचडी, म्हणजे दुरून यंत्रात शिरण्याचे दार उघडणारा डीमन, याच्या नेमका उलट. रीलोडचा इशारा मिळाला की तो स्वतःलाच नव्याने सुरू करतो, आणि फाइल चुकीची असेल तर सरळ मरतो. म्हणून डेबियनसारख्या वितरणांत रीलोडच्या आधी त्याची तपासणी चालवण्याची ओळ घातलेली असते. आधीपासून जोडलेली सत्रे मात्र वेगळ्या प्रोसेसमध्ये असल्याने जिवंत राहतात. त्यामुळे जुने जाणते लोक दारात बदल करताना एक खिडकी उघडी ठेवतात आणि दुसरीतून नव्याने आत येता येते का ते पाहतात. एसएसएचडीची आणखी एक सवय मला आवडते. पहिल्या चुकीवर न अडखळता तो अनोळखी पर्यायांची अख्ख्या फाइलभर मोजदाद करतो आणि ‘इतके वाईट पर्याय, म्हणून थांबतो’ असे सांगून थांबतो. एनजिनएक्स आणि अपाची हे वेब सर्व्हर पहिल्याच चुकीवर थांबतात. एक दुरुस्त करा, मग दुसरी कळते, मग तिसरी. फोनवरून ‘आता परत चालू करून बघा’ असे सांगत बसलेल्याला हा फरक चांगला कळतो.

आता वगळून चालणाऱ्यांकडे. या पंथाचा सगळ्यात मोठा प्रतिनिधी सिस्टमडी, म्हणजे आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांत बाकीच्या सगळ्या डीमनांना उठवणारा मुकादम. त्याच्या युनिट फाइलमध्ये अनोळखी ओळ असेल तर तो लॉगमध्ये ‘दुर्लक्ष करतो’ असे लिहून पुढे जातो. यामागे विचार आहे: एकच फाइल जुन्या आणि नव्या आवृत्त्यांवर चालावी, नव्या आवृत्तीचा एखादा पर्याय जुन्याला कळला नाही म्हणून सेवाच अडू नये. विचार ठीक, पण २०१७ मध्ये त्याची दुसरी बाजू दिसली. सेवा कुठल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायची ते सांगणाऱ्या ओळीत आकड्याने सुरू होणारे नाव घातले, तर सिस्टमडीला ते नाव अवैध वाटे. अवैध म्हणून तो ती ओळ वगळे. आणि ओळ वगळली की उरतो मूळ नियम: सेवा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, नावाने चालते. अधिकार कमी करण्यासाठी लिहिलेली ओळ चुकली आणि बक्षीस म्हणून सगळे अधिकार मिळाले. बराच वाद झाला, मग वापरकर्ता, गट आणि अशा काही नाजूक ओळींत चूक असेल तर युनिटच नाकारायचे असे ठरले.

या एका प्रकरणातून जो धडा निघतो तो सगळ्या डीमनांना लागू आहे, आणि ‘कडक की मवाळ’ या सरधोपट वादापेक्षा तो कामाचा आहे. ओळ वगळल्यावर यंत्र अधिक उघडे पडते की अधिक बंद होते, हे पाहावे. लॉगची फाइल किती मोठी होऊ द्यायची हे सांगणारी ओळ चुकली तर वगळा, बिघडत नाही. आर-सिसलॉग हा नोंदी गोळा करणारा डीमन म्हणूनच शक्यतो चूक असली तरी उठतो: नोंदी ठेवणाराच उठला नाही तर बाकीचे का उठले नाहीत हे कळणार कुठून? पण कोणाला आत येऊ द्यायचे, कुठल्या पत्त्यावर कान लावायचा, पासवर्ड लागेल की नाही, असल्या ओळी वगळण्याचा हक्क कोणत्याही डीमनला नाही.

मायएसक्यूएलने यात एक चतुर मधला मार्ग काढला आहे. अनोळखी पर्याय दिसला तर सर्व्हर सुरू होत नाही. पण लिहिणाऱ्याने पर्यायाच्या नावाआधी ‘लूज’ असा उपसर्ग लावला असेल तर फक्त इशारा देऊन तो पुढे जातो. वगळायचे की नाही हे प्रोग्रॅमने न ठरवता लिहिणाऱ्याने ओळीगणिक ठरवायचे. याच मायएसक्यूएलचा दुसरा नियम मात्र गोंधळात टाकतो: कॉन्फिगरेशन फाइल कोणालाही लिहिता येईल अशी उघडी असेल तर तो ती आख्खी फाइल बाजूला ठेवतो आणि मूळ मूल्यांवर उठतो. घाईत सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकण्याची सवय आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. ती केली की मेमरीची, पोर्टची, डेटा कुठे आहे त्याची सगळी मांडणी एका झटक्यात गायब, आणि डेटाबेस ‘चालू’ दिसतो.

सुडो, म्हणजे साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार वापरू देणारी आज्ञा, हा काही डीमन नव्हे, पण त्याची कहाणी इथे सांगायलाच हवी. त्याच्या फाइलमध्ये व्याकरणाची चूक असेल तर पूर्वी तो कोणालाच काही करू देत नसे. म्हणजे चूक दुरुस्त करायला जो अधिकार लागतो तोच चुकीमुळे गेलेला. यासाठी विसुडो हा संपादक आला: तो फाइल जागेवर ठेवण्याआधी तपासतो आणि मोडकी असेल तर ‘आता काय करू?’ असे विचारतो. माझ्या कसोटीला सर्वांत उत्तम उतरणारे साधन हेच. चूक जिथे होते तिथेच अडते. पुढे १.९.३ या आवृत्तीपासून सुडो चुकलेल्या ओळीचा बिघडलेला भाग टाकून देऊन बाकीचे नियम पाळू लागला. दुरुस्तीचे दार पूर्ण बंद होऊ नये म्हणून केलेली ही तडजोड आहे, आणि ती वर सांगितलेल्या धड्यात बसते, कारण तिथली बहुतेक प्रत्येक ओळ अधिकार देणारी असते. ओळ गेली तर अधिकार कमीच होतो.

तिसरा पंथ ‘शेवटचे चालते कॉन्फिगरेशन’ मानणाऱ्यांचा. विंडोज एनटीपासून हा शब्दप्रयोग संगणकवाल्यांना ओळखीचा आहे. पण हा विचार खरा मुरला तो नेटवर्क यंत्रांत. ज्युनिपरच्या राउटरवर बदल ‘पक्का करण्याच्या अटीवर’ लागू करता येतो: ठरलेल्या वेळात, काही सांगितले नाही तर दहा मिनिटांत, माणसाने पुन्हा येऊन होकार दिला नाही तर राउटर स्वतःच मागे फिरतो. मागच्या पन्नास अवस्था तो जपून ठेवतो. उबंटूमधल्या नेटप्लॅनची चाचणीची आज्ञाही तशीच, फक्त १२० सेकंदांची. जिथे चूक झाली की दुरुस्त करायला जाण्याचा रस्ताच तुटतो तिथे याला पर्याय नाही. कल्याणहून मुरबाडला एसटीने तासभर, पुढे सरळगाव, टोकावडे, आणि मध्येच पाऊस. एका चुकलेल्या आयपी पत्त्यासाठी एवढा प्रवास करणारे कमी नाहीत.

पण हे औषध सरसकट द्यायचे नाही. समजा एका पतसंस्थेने नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव प्रवेशाच्या फाइलमधून काढले, आणि काढताना एक कंस जास्तीचा पडला. डीमन ‘शेवटच्या चालत्या’ फाइलवर उठला तर तो माणूस पुन्हा आत. म्हणून जुन्या प्रतीवर उठण्याची मुभा मी दुरुस्तीच्या दारांपुरती ठेवीन: नेटवर्क, दूरप्रवेश, नोंदी. बाकीच्यांनी नकार द्यावा. दूरप्रवेशाच्या बाबतीतही जुनी प्रत वापरायची ती कोण आत येऊ शकतो ही यादी वगळून.

इथवर फाइल खरोखर चुकीची आहे असे धरून चाललो. ग्रामीण भागात मात्र एक वेगळाच प्रकार वारंवार दिसतो. फाइल अक्षरशः बरोबर असते, पण ती वाचली जाते त्या मिनिटाला बाहेरचे जग तयार नसते. वीज आली. संगणक तीस-चाळीस सेकंदांत उठला. फायबरचा डबा आणि त्यामागचा राउटर दोन-तीन मिनिटे घेतो. एनजिनएक्सच्या फाइलमध्ये पुढच्या सर्व्हरचे नाव लिहिलेले आहे. त्या नावाचा पत्ता डीएनएसकडून येतो. डीएनएस अजून मिळत नाही. एनजिनएक्स म्हणतो, ‘असा कोणी होस्ट सापडत नाही’, आणि ही गोष्ट तो कंस विसरल्याइतकीच गंभीर मानून थांबतो. विशिष्ट पत्त्यावर कान लावायला सांगितलेला अपाचीदेखील, तो पत्ता अजून यंत्राला मिळालेला नसेल तर, तसाच कोसळतो.

आता यात मुकादमाची भर. सिस्टमडीला ‘पडला तर पुन्हा उठव’ असे सांगितलेले असले तरी त्याची मूळ मर्यादा दहा सेकंदांत पाच प्रयत्नांची आहे, आणि दोन प्रयत्नांमध्ये तो एक दशांश सेकंदच थांबतो. लगेच पडणारा डीमन ते पाच प्रयत्न पापणी लवेपर्यंत संपवतो. मग मुकादम ‘फार वेळा मागणी झाली’ असे लिहून हात झटकतो. राउटर तयार होतो तेव्हा उठायचे म्हणून कोणी थांबलेलेच नसते. केंद्रचालक संगणक बंद करून चालू करतो, आणि राउटर आता तयार असल्यामुळे सगळे सुरळीत होते. ‘एकदा रीस्टार्ट मारा’ या आपल्या राष्ट्रीय उपायाला असा शास्त्राधार आहे.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगण्याची सोय फार जुनी आहे. बीएसडी युनिक्सने प्रोग्रॅम कशाने संपला त्याचे आकडे ठरवून दिले होते. त्यात ७८ म्हणजे ‘कॉन्फिगरेशनमध्ये चूक’. फाइल चुकली असेल तर डीमनाने ७८ म्हणून संपावे, मुकादमाला ‘७८ आला तर पुन्हा उठवू नकोस’ असे एका ओळीत सांगता येते. आणि बाहेरचे जग तयार नसेल तर दुसरा आकडा द्यावा, किंवा उत्तम म्हणजे संपूच नये, उठून शांतपणे वाट पाहत राहावे. पण बरेच डीमन दोन्हींसाठी १ हाच आकडा देतात आणि मुकादम आंधळा राहतो. सगळ्या लेखात एकच सुधारणा मागायची झाली तर मी हीच मागेन. खर्च जवळजवळ शून्य आहे.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिनीतल्या बिघाडानंतर मुंबई आणि ठाण्याचा मोठा भाग अंधारात गेला. पडघा शहापूरच्या वाटेवरच. अशा दिवशी हजारो यंत्रे जवळपास एकाच वेळी पुन्हा सुरू होतात. वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या हातांनी करून ठेवलेल्या चुका एकाच तासात बाहेर पडतात, आणि दुरुस्त करणारी माणसे तीच चार.

वीज फाइल बिघडवतेही. २००९ च्या सुरुवातीला लिनक्सच्या नव्या एक्स्ट-फोर फाइलसिस्टीमवर लोकांच्या तक्रारी आल्या की यंत्र अचानक बंद पडले की सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होतात. प्रोग्रॅम जुनी फाइल रिकामी करून तिच्यात नवे लिहीत होते. नवे अजून मेमरीतच असताना वीज गेली की डिस्कवर रिकामी फाइल उरे. थिओडोर त्सो यांनी कर्नलमध्ये त्यावर उतारा घातला, पण शुद्ध मार्ग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातातच आहे: नवी फाइल वेगळ्या नावाने लिहा, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करा, मग नाव बदलून जुनीच्या जागी ठेवा. अर्धवट अवस्था कधी दिसतच नाही.

आणि रिकामी फाइल ही नुसती चुकीची असती तर बरे होते. बऱ्याच डीमनांच्या व्याकरणात ती चक्क बरोबर असते: काहीच लिहिले नाही म्हणजे सगळी मूळ मूल्ये घ्या. एसएसएचडीला रिकामी फाइल दिली तर तो आनंदाने उठतो, आणि तुम्ही बंद केलेला पासवर्डने प्रवेश पुन्हा सुरू झालेला असतो. रेडिस हा डेटाबेस ३.२ या आवृत्तीच्या आधी अशा वेळी सगळ्या जगाला बिनपासवर्ड उत्तरे देई. नंतर त्यात बाहेरच्यांना नकार देणारी संरक्षक अवस्था आली. एनजिनएक्स मात्र इथे खरा उतरतो. एक ठरावीक विभाग फाइलमध्ये असलाच पाहिजे असा त्याचा हट्ट आहे, त्यामुळे रिकामी फाइल तो नाकारतो. डोव्हकॉट या मेल सर्व्हरच्या २.४ आवृत्तीने तर फाइलच्या सुरुवातीलाच ‘मी अमुक आवृत्तीसाठी लिहिलेली आहे’ असे जाहीर करणारी ओळ सक्तीची केली. जुन्या फाइल घेऊन आलेल्यांनी बोटे मोडली असतील, पण रिकामी, अर्धवट आणि जुनाट या तिन्ही फाइली एकाच अटीने अडतात.

मोठ्यांच्या घरच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका नव्या फाइलने वीस रकान्यांच्या अपेक्षेने बसलेल्या प्रोग्रॅमला एकविसावा रकाना दिला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले ते त्या दिवशी. पुष्कळ यंत्रांपाशी माणसाला प्रत्यक्ष जाऊन ती फाइल काढावी लागली. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरमध्ये आपोआप तयार होणारी एक फाइल नेहमीपेक्षा मोठी झाली, प्रोग्रॅमची २०० गुणधर्मांची मर्यादा ओलांडली गेली आणि नवा प्रॉक्सी कोसळला. त्याच दिवशी त्यांचा जुना प्रॉक्सी कोसळला नाही; त्याने प्रत्येक पाहुण्याला माणूस असण्याच्या परीक्षेत शून्य गुण दिले, आणि ज्यांनी यंत्रमानवांना अडवायचे नियम लावले होते त्यांच्याकडे खरी माणसे अडली. एकाच चुकीच्या फाइलवर दोन्ही पंथ एकाच वेळी हरलेले पाहायचे असतील तर यासारखे उदाहरण नाही. फाइल कंपनीच्याच यंत्रणेने बनवली म्हणून ती तपासायची नाही, ही समजूत क्लाउडफ्लेअरच्या या अपघातामागे होती.

आपल्याकडच्या फाइली मात्र बहुधा माणसेच बिघडवतात, आणि त्यात काही खास मराठी प्रकार आहेत. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि पोर्टचा आकडा ८०८० असा देवनागरीत पडला. डोळ्यांना आकडा बरोबर दिसतो. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम तो मुकाट्याने समजून घेतो, कारण पायथनला देवनागरी अंक कळतात. सी भाषेतला जुना प्रोग्रॅम जर अक्षरांचा आकडा करण्याचे नेहमीचे बेफिकीर फंक्शन वापरत असेल तर त्याला तिथे शून्य मिळते, आणि पोर्ट शून्य याचा अर्थ कर्नलच्या लेखी ‘तुला हवे ते मोकळे पोर्ट दे’ असा होतो. डीमन उठतो, चूक नाही, इशारा नाही, फक्त तो कुठे बसला आहे ते कोणाला माहीत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली ओळ चिकटवली की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार येतात. अक्षरजोडणीसाठी वापरले जाणारे अदृश्य चिन्ह नावाच्या मध्ये राहून जाते आणि दोन अगदी सारखी दिसणारी नावे जुळत नाहीत. जुन्या विंडोजच्या नोटपॅडने यूटीएफ-८ मध्ये फाइल साठवली की पहिल्या ओळीच्या आधी तीन न दिसणारे बाइट बसतात आणि ‘पहिल्या ओळीत अनोळखी शब्द’ अशी तक्रार येते, जी वाचून माणूस पहिली ओळ दहादा नव्याने टाइप करतो. यावर उपाय अवघड नाही: आकडा अपेक्षित असताना दुसरे काही आले तर ते काय होते ते बाइटच्या अंकांसकट दाखवा. पण हे करणारे थोडेच.

संदेश कोणासाठी लिहायचा, हा प्रश्न त्यातूनच येतो. फाइलचे नाव, ओळ, काय सापडले, काय हवे होते, हे चार तपशील लॉगमध्ये असावेत यावर दुमत नाही. पण टोकावड्याच्या केंद्रात लॉग वाचणार कोण? वेब सर्व्हर उठला नाही तर ब्राउझर ‘साइट सापडत नाही’ म्हणतो, केंद्रचालक नेट गेले समजून टेलिफोन खात्याला फोन लावतो आणि दुपार जाते. मुख्य डीमनाने नकार दिला तर त्याच पोर्टवर एक अगदी छोटा, स्वतःची कुठलीही फाइल न वाचणारा प्रोग्रॅम उठावा आणि त्याने एवढेच पान दाखवावे: सेवा बंद आहे, नेट ठीक आहे, कॉन्फिगरेशनमध्ये चूक आहे, अमुक माणसाला कळवा. मूळ चूक काय ते पानावर नको, ते बाहेरच्याच्या उपयोगाचे. याला ‘अर्धे उठणे’ म्हणून नाके मुरडणारे आहेत. पण पंचवीस माणसे दाखल्यासाठी रांगेत असताना चुकीच्या खात्याला फोन जाऊ नये, एवढ्यासाठी हे करण्यासारखे आहे.

तपासणीच्या आज्ञा जवळजवळ प्रत्येकाकडे आहेत. एनजिनएक्स, अपाची, एसएसएचडी, पोस्टफिक्स, हॅप्रॉक्सी, डीएनएस-मास्क, सगळे ‘फक्त तपास, सुरू होऊ नकोस’ हे ऐकतात. त्यांच्यावर किती विसंबायचे ते मात्र माहीत असावे. बाइंड या डीएनएस सर्व्हरचा तपासनीस मुख्य फाइल पाहतो, पण वेगळे सांगितल्याशिवाय त्यातल्या झोनच्या फाइली उघडत नाही. पोस्टफिक्सचे डीमन अनोळखी नावाकडे दुर्लक्ष करून चालतात; तक्रार दिसते ती मूल्ये छापणारी आज्ञा चालवली तरच. आणि राउटर उशिरा उठणार आहे हे कुठल्याच तपासनिसाला आधी दिसत नाही.

ते पाहायचा एकच मार्ग आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या देखभालीच्या करारात लेखी असायला हवा, कारण लेखी नसले की कोणी करत नाही. बदल करून झाला की, करणारा माणूस जागेवर असतानाच, संगणक, राउटर आणि फायबरचा डबा असलेल्या बोर्डाचे मुख्य बटण खाली करायचे. दोन मिनिटांनी वर. कीबोर्डला हात न लावता दहा मिनिटे थांबायचे आणि दाखला निघतो का पाहायचे. डेटाबेस आधी नीट बंद करून घ्या, बॅकअप घ्या, हे ओघाने आलेच. निघाला नाही तर ती चूक त्याच दिवसाची आणि त्याच माणसाची, बिल त्यानंतर. बहुतेक कंत्राटदार याला तयार होत नाहीत. यंत्राला झटका बसेल म्हणतात. तो झटका महावितरण जुलैत देणारच आहे, तेव्हा बटण कोणाच्या हजेरीत खाली करायचे एवढेच कराराच्या वेळी ठरवून घ्यावे.